‘मूळ संच परतला’ हे अर्धसत्य
ऑझी ऑस्बर्नच्या आवाजातला ब्लॅक सॅबथचा नवा अल्बम ‘१३’ तब्बल ३५ वर्षांनी, २०१३ साली आला आणि ‘मूळ संच परतला’ अशी द्वाही फिरली. मग ड्रमवादक बिल वॉर्ड कुठे होता? नोव्हेंबर २०११मध्ये पुनर्मीलन जाहीर करताना चौघेही हजर होते. पुढच्या फेब्रुवारीत वॉर्डने सही करण्याजोगा करार मिळत नसल्याचे सांगितले. त्याची प्रकृती साथ देत नव्हती, हा ऑस्बर्नचा दावा नंतरचा. ड्रम्सवर ब्रॅड विल्क बसला. टोनी आयोमीने कर्करोगाशी झुंजत गिटार वाजवली, हे वंदनीयच. पण त्या कौतुकाआड चौथ्याला पुसून टाकणे ही जाहिरात झाली, इतिहास नव्हे. ‘१३’ ब्रिटनमध्ये अव्वल ठरला. त्याआधी हा मान १९७०च्या ‘पॅरानॉइड’ला मिळाला होता, आणि त्यावरचे ड्रम्स वॉर्डचे होते.