पेंढा नव्हे, चरबी!

गेल्या एप्रिलमध्ये धुळे जिल्ह्यातील एका शाळेच्या प्रयोगशाळेत जाण्याचा योग आला. काचेच्या कपाटात पेंढा भरलेले एक जुने बदक होते. त्याच्या छातीची पिसे पिवळी पडून एकमेकांना चिकटली होती आणि खालच्या लाकडी पाटावर तेलकट डाग पडला होता. "पेंढाच निकृष्ट असावा," विज्ञानाचे शिक्षक म्हणाले. मला ते पटले नाही. दोष पेंढ्याचा नव्हता; कातडीला राहून गेलेल्या चरबीचा होता.

पाणपक्ष्यांच्या कातडीखाली चरबीचा चांगला जाड थर असतो. तो नीट काढला नाही तर आपल्या जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की, पातळ होतो. मग दिव्याची वात तेल वर ओढते तशी पिसे ही चरबी ओढून घेतात. पुस्तकातले केशाकर्षण ते हेच! बाहेर आलेल्या चरबीचे हवेतील ऑक्सिजनमुळे ऑक्सिडीकरण होते. ती पिवळी व खवट होते आणि तिच्यातून निघणारी आम्ले कातडीचे तंतू कमकुवत करतात. शिवाय चरबी असेल तेथे मीठ आत शिरत नाही, की कातडे कमावण्याची द्रव्येही शिरत नाहीत.

म्हणून आधी बोथट पात्याने चरबी खरवडायची आणि उरलेली साबणाच्या कोमट पाण्याने काढायची. साबणाच्या रेणूचे एक टोक चरबीला धरते, दुसरे पाण्याला. पण 'कोमट' म्हणजे किती? ओले कच्चे कातडे साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे आक्रसते, आणि एकदा आक्रसले की पूर्ववत होत नाही. कोंबडीची चरबी मात्र ४० अंशांच्या आतच पातळ होते. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत सारे कौशल्य आहे. तेथे हाताच्या अंदाजापेक्षा तापमापी बरी, असे माझ्यासारख्या भौतिकीच्या माणसाला वाटणारच.

'पेंढा भरणे' हे नावच मुळी दिशाभूल करणारे आहे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ साली टॅक्सिडर्मी केंद्र सुरू झाले. तेथे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. संतोष गायकवाड यांनी मृत वाघ-बिबट्यांची कातडी जतन केली. अशा कामात आतला साचा महत्त्वाचा खरा, पण कातडीच स्वच्छ नसेल तर उत्तम साचाही फुकट!

शाळेत हे शिकवता येईल, आणि शिकवावे असे माझे मत आहे. त्यासाठी वन्य प्राणी नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानात मेलेला सापडलेला प्राणीही परवानगीवाचून आणता येत नाही. खाटकाकडून कोंबडीच्या कातडीचे तीन तुकडे आणा. एक तसाच ठेवा, दुसरा खरवडा, तिसरा खरवडून साबणाने धुवा. तिन्हींना सारखे मीठ लावून वाळवा आणि खाकी कागदावर ठेवा. दर आठवड्याला कागदावरील डाग मोजा. हातमोजे घाला, नंतर हात साबणाने धुवा. (वास येईल, मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवलेले बरे!)

ते जुने बदक मात्र कोणी धुवायला घेऊ नये. पूर्वी कीड लागू नये म्हणून अशा कातड्यांना आतून सोमलाचा साबण चोळीत, आणि सोमल हे जहाल विष आहे. मी त्या शिक्षकांना कपाटाला कुलूप लावायला सांगून आलो.