घरपट्टी सगळ्यांना, अपात्रता आपल्याला

"वस्तीतले लोक पट्टी भरत नाहीत." संशोधनासाठी गावोगाव फिरताना हे वाक्य मी ओट्यावर, चावडीवर, ग्रामपंचायतीत इतक्यांदा ऐकलं, की एका गावात नमुना आठच काढून बघितला. नमुना आठ म्हणजे ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही. हे वाक्य मला ज्यांनी ऐकवलं होतं, त्यांचा दुमजली स्लॅबचा बंगला तिथे अजून मातीचं घर म्हणून नोंदलेला होता. फेरआकारणीला तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं. बौद्धवाड्यात मात्र घरकुलाचा स्लॅब पडला आणि टेप घेऊन माणूस हजर झाला.

आकारणीत जी जात दिसते, तीच वसुलीतही दिसते. थकबाकी दोन्हीकडे असते. पण वस्तीतल्या माणसाला घराचा उतारा हवा असला की "आधी पट्टी भर." बंगल्यातल्या पाटलांना उतारा घरपोच.

इथवर प्रश्न पैशांचा आहे. पुढे तो सत्तेचा होतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 14 नुसार कराचं बिल बजावल्यानंतर तीन महिन्यांत रक्कम भरली नाही, तर सदस्य अपात्र ठरतो. 73 व्या घटनादुरुस्तीने राखीव जागा दिल्या, आपली बाई सरपंचाच्या खुर्चीवर बसली. खुर्ची गेलेल्यांना मग अचानक कायदा आठवतो. तिची काही शे रुपयांची थकबाकी शोधली जाते, जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो. बिल तिच्या हातात खरंच पडलं होतं का? कायद्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. पण बिल वाटणारा, नोंद ठेवणारा आणि तक्रार करणारा एकाच बाजूचे असतील, तर याचं खरं उत्तर देणार कोण?

याच कलमात सरकारी जागेवरच्या अतिक्रमणासाठीही अपात्रता आहे. ज्यांना गावाने कधी गावठाणात जागा दिली नाही, त्यांनी राहायचं कुठे? 2024 साली सर्वोच्च न्यायालयाने जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचाची अशीच अपात्रता रद्द केली. बाई सरपंच झाली हेच गावकऱ्यांना पचलं नाही, असं न्यायालयाने त्यात नोंदवलं. पण दिल्लीपर्यंत किती जणी पोहोचतात?

हे फक्त महाराष्ट्रात घडत नाही. हरियाणाने 2015 मध्ये पंचायत निवडणूक लढवायला शिक्षणाची अट घातली, घरात शौचालय हवं म्हटलं, सहकारी कर्ज आणि वीजबिल थकलेल्यांना बाहेर ठेवलं. त्याच डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. म्हणजे ज्यांना शतकानुशतकं जमीन, शाळा, पाणी नाकारलं, त्यांची गरिबीच त्यांची अपात्रता झाली.

"मग काय, पट्टी भरायचीच नाही?" भरायची, आणि वेळेवर भरायची. पावती जपून ठेवायची. प्रश्न सूट मागण्याचा नाहीच. नियम सगळ्यांना सारखा लावा, एवढीच मागणी आहे. प्रत्येक घराची आकारणी आणि प्रत्येकाची थकबाकी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली पाहिजे, सगळ्यात मोठा थकबाकीदार सगळ्यात वर. बिल दिल्याची सही घेतली पाहिजे. आणि अपात्र ठरवण्याआधी रक्कम भरायची एक शेवटची संधी लेखी मिळाली पाहिजे. थकलेला कर वसूल करायचा असेल, तर याला कुणाची हरकत असायचं कारण नाही. हरकत घेणाऱ्याला कर नको आहे, खुर्ची हवी आहे.

4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी गावाचं गोडवे गाणारं चित्र नाकारलं आणि मसुद्याने गाव नव्हे तर व्यक्ती हा घटक मानला, याचा आनंद व्यक्त केला. गावच्या नोंदवहीत मात्र माणूस अजूनही वाड्यावरूनच ओळखला जातो. म्हणून यंदाच्या ग्रामसभेत एकच काम करा: उठून नमुना आठ वाचायला सांगा, पहिल्या पानापासून, मोठ्याने.

जय भीम.