थांबण्याचा डाव : शिकागो, १८६४

उमेदवार निवडणारे अधिवेशन लांबणीवर टाकणे ही मुत्सद्देगिरी मानली जाते. मला तो जुगार वाटतो. अमेरिकेतील १८६४ ची निवडणूक पाहा. यादवी युद्ध चालू होते. रिपब्लिकनांनी जूनमध्येच बाल्टिमोर येथे लिंकन यांना पुन्हा उमेदवारी दिली. डेमोक्रॅटिक पक्षाचे शिकागो अधिवेशन ४ जुलैला भरायचे होते. युद्धाचा रंग पाहून पावले टाकावीत, म्हणून ते २९ ऑगस्टवर ढकलले गेले.

हिशेब जवळजवळ जमलाही होता. २३ ऑगस्टला खुद्द लिंकन यांनी आपला पराभव संभवतो असे लिहून, मजकूर न दाखवताच मंत्र्यांच्या त्या कागदावर सह्या घेतल्या होत्या. आठवड्याभराने शिकागोत युद्ध फसल्याचे सांगणारा ठराव झाला आणि उमेदवारी मिळाली ती मात्र सेनापती मॅक्लेलन यांना! (ही विसंगती एरवीही जडच गेली असती.) जुलैमध्ये ठरावाची भाषा कदाचित सौम्य राहिली असती, ऑगस्टअखेरीची निराशा त्यात जशीच्या तशी उतरली.

अधिवेशन ३१ ऑगस्टला आटोपले आणि २ सप्टेंबरला अटलांटा लिंकन यांच्या सैन्याच्या हाती आले. उमेदवारी स्वीकारतानाच मॅक्लेलन यांना त्या ठरावापासून अंग काढून घ्यावे लागले. निर्वाचक मंडळात ते २१ विरुद्ध २१२ मतांनी हरले.