अम्मींसोबत माथेरानच्या लाल वाटेवर

अब्बांच्या इंतकालानंतर अम्मींची इद्दत पुरी झाली, पण उंबरठा काही सुटला नाही. डॉक्टर म्हणत, रोज चाला, नाहीतर गुडघे कायमचे आखडतील. अम्मी म्हणत, आता कुणासाठी चालायचं? अब्बांनी त्यांना माथेरान दाखवायचं कबूल केलं होतं. तीस वर्षं ते राहूनच गेलं. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं, मुलं आणि अम्मी कल्याणहून कर्जत लोकलने नेरळला उतरलो.

पावसाळ्यात बंद झालेली नेरळची छोटी गाडी अजून सुरू व्हायची होती. ही गाडी सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधली. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी 1904 ते 1907 या काळात दोन फुटी रूळ डोंगरावर चढवले, खर्च आला सोळा लाख. आपल्या किती मुलांना हे नाव माहीत आहे? आमच्या वर्गात विचारलं तर एकही हात वर झाला नाही.

टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत आलो. पुढे खासगी मोटारगाड्यांना बंदी. गावात जायला अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर, शटल गाडीने किंवा रिक्षाने. आम्ही अम्मींसाठी हातरिक्षा ठरवली. त्या बसेनात.

"माणसाने माणसाला ओढायचं? तौबा!"

रिक्षावाला पन्नाशीचा. तो हळूच म्हणाला, "आजी, तुम्ही नाही बसलात तर माझी बोहनी कशी होणार?"

आम्ही दोघंही गप्प. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इथल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या, हे पेपरात वाचून आम्ही "बरं झालं" म्हटलं होतं. ओढणाऱ्याची चूल पुढे कशावर पेटणार, त्यांना ई-रिक्षा मिळणार का, हा निकालातलाच दुसरा भाग आम्ही विसरलो होतो. अम्मींनीच तोड काढली. आमच्या तिन्ही बॅगा रिक्षात ठेवल्या, भाडं पुरं द्यायचं ठरवलं आणि स्वतः काठी टेकत त्याच्या बाजूने चालू लागल्या.

जांभ्या दगडाची ती लाल माती! पाच मिनिटांत बुरख्याचा घेर गुडघ्यापर्यंत लाल. दोन्हीकडे जांभूळ, हिरडा, अंजनी. दुपारीही ऊन तुकड्यातुकड्यानेच खाली येतं. मागून टापा ऐकू आल्या की वाटेच्या आतल्या अंगाला, झाडीकडे सरकून उभं राहायचं, दरीच्या कडेला नाही. हे मुलांना आधीच सांगून ठेवा. घोड्याच्या मागे उभं राहू नये, हेही. आमच्या धाकट्याने एका घोड्याला केळं द्यायला हात पुढे केला, तेवढ्यात केळं माकडाने नेलं. अम्मी हसल्या. कित्येक महिन्यांनी.

बाजारात रिक्षावाल्याचा निरोप घेतला. जेवण, थोडी विश्रांती, मग शार्लट तलावाची वाट. ती खरी रानातली: मुळं वर आलेली, पायाखाली सुकलेली पानं, घोड्यांची लीद, आणि माणसांचा आवाज मागे पडलेला. अम्मी चार ठिकाणी बसल्या. आम्ही दर वेळी म्हणायचो, परत फिरूया. त्या म्हणायच्या, "त्या वळणापर्यंत." एका वळणावर शेकरू दिसलं. लांब झुबकेदार शेपटी सोडून फांदीवर बसलेलं. मोठी मोबाईल काढेपर्यंत गेलं.

तलावाशी असरची वेळ झाली. बाटलीतल्या पाण्याने वुजू केला. अम्मींना सजदा जमत नाही, त्या एका सपाट दगडावर बसून इशाऱ्याने नमाज पढल्या. दुआ फार लांबली. आम्ही मुलांना घेऊन जरा दूर उभे राहिलो.

उठल्यावर त्यांनी विचारलं, "ते म्हणायचे त्या गडाचा देखावा कुठून दिसतो?" प्रबळगड लुईझा पॉइंटवरून दिसतो. जवळच होता, पण उजेड उतरत होता आणि परतीची वाट लांब होती. आमचं मन मोडेना, धीरही होईना. नाही म्हणावंच लागलं. परतताना मात्र त्यांच्यासाठी घोडा केला. घोडेवाला लगाम धरून पायी चालत होता. त्याच्याकडून अम्मींनी वाटेतच लुईझाचं अंतर, दर आणि गर्दी नसलेले महिने विचारून घेतले.

घरी आल्यावर पाय सुजले, दोन दिवस शेक दिला. तिसऱ्या दिवशी फजरनंतर दाराशी काठीचा आवाज आला. अम्मी चपला शोधत होत्या.