बक्षीस कोणाच्या इतिहासाला?

प्रादेशिक इतिहासावरच्या संशोधनाला, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना बक्षिसे मिळायला हवीत, यावर वाद नाही. वाद आहे तो 'प्रदेश' म्हणून परीक्षकांच्या डोळ्यांसमोर कोण असते आणि पुरावा म्हणून ते काय मागतात, यावर.

मी जिथे राहते त्या चंदीगढचेच घ्या. या शहराचा इतिहास म्हणजे ल कॉर्बुझिए, सेक्टर आणि काँक्रीट. 2016 मध्ये कॅपिटॉल संकुल युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून तर विचारायलाच नको. पण हे शहर गावे उठवून उभे राहिले. नेकचंदांच्या रॉक गार्डनमध्ये त्या गावांचा मोडका माल बसवलेला आहे आणि त्यासमोर आपण फोटो काढतो. भूसंपादनात जमिनीचा मोबदला मालकाला, म्हणून फाइलीत नावही मालकाचे. आणि मालक कोण होऊ शकत होते? 1900 च्या पंजाब जमीन हस्तांतरण कायद्याने 'शेतकरी' ठरवलेल्या जातींबाहेरच्यांना शेतजमीन विकत घेणे जवळपास अशक्य करून ठेवले होते, त्यात दलित आलेच. मग त्या गावांतली भूमिहीन कुटुंबे कुठे गेली, हे विद्यार्थ्याने महसुली कागदांत शोधायचे कसे? तो म्हाताऱ्या माणसांकडे जाणार, त्यांचे बोलणे टिपून घेणार. गुणपत्रिकेत 'मूळ कागदपत्रे' एवढाच रकाना असेल तर तो तिथेच मागे पडला.

पंजाबात 2011 च्या जनगणनेनुसार जवळपास 32 टक्के लोक अनुसूचित जातींचे आहेत. देशातल्या कुठल्याही राज्यात हे प्रमाण एवढे नाही. होशियारपूर जिल्ह्यातल्या मुगोवाल गावी जून 1926 मध्ये मंगूराम यांच्या पुढाकाराने आद धर्म चळवळ उभी राहिली. पाचच वर्षांनी, 1931 च्या जनगणनेत, 4 लाख 18 हजारांहून अधिक माणसांनी आपला धर्म 'आद धर्मी' असा नोंदवला. केवढी मोठी घटना! तिच्यावरचा सर्वांत जास्त उद्धृत होणारा ग्रंथ मात्र मार्क युर्गेन्समेयर या अमेरिकन अभ्यासकाचा, 1982 चा. त्यांचे काम मोलाचेच आहे. पण इथल्या पोरांनी ते आधी का केले नाही, हे पोरांना नव्हे, संस्थांना विचारायचे.

महाराष्ट्राने यात फुशारकी मारू नये. बाबासाहेबांच्या चरित्राचे खंड चांगदेव खैरमोडे यांनी विद्यापीठाच्या आधाराशिवाय रचले. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायका शोधून, त्यांच्याशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिले, ते 1989 मध्ये. आज या पुस्तकांवर पीएच.डी. होतात. ती घडत असताना प्रवासखर्च कोणी दिला होता?

म्हणून माझा आग्रह शालीपेक्षा पैशाच्या वेळेबद्दल आहे. काम झाल्यावर दिलेले बक्षीस त्यालाच मिळते, ज्याला काम संपेपर्यंत तग धरता येतो. निम्मी रक्कम आधी द्या: बसभाडे, ध्वनिमुद्रण, जुनी उर्दू वाचून देणाऱ्याचे मानधन, कारण त्या काळच्या पंजाबातला बराच छापील मजकूर उर्दूत आहे. मौखिक साक्षीला कागदाइतके गुण द्या. परीक्षकांची नावे आधी जाहीर करा, म्हणजे कोण बसले आहे ते दिसेल. आणि ज्यांनी घरातला फोटो, पत्रक, पावती दिली, त्यांच्या हाती तयार प्रकल्पाची प्रत त्यांच्याच भाषेत पडू द्या.

2026 मध्ये मुगोवालच्या त्या सभेला शंभर वर्षे होतात. ज्यांनी मंगूरामांना पाहिले, ऐकले, अशी माणसे आता थोडीच उरली आहेत. पुढच्या वर्षीच्या अर्जाची वाट पाहण्याएवढा वेळ त्यांच्याकडे नाही.