मर्जी कोणाची?

गरोदर बाईचे जितके लाड आपल्या मराठीने केले आहेत, तितके क्वचितच दुसऱ्या कोणाचे केले असतील. तिला डोहाळे लागतात आणि साऱ्या घराने ते पुरवायचे असतात. कैरी म्हटली की कैरी, चिंच म्हटली की चिंच! डोहाळे अपुरे राहिले तर मुलाची लाळ गळते, अशी आपल्या आज्यांची पक्की समजूत होती. मग ओटी भरायची, फुलांची वाडी भरायची, चांदण्यात नाहीतर नावेत बसवून डोहाळजेवण करायचे. नऊ महिने सारे घर तिला विचारीत असते, ‘काय हवे ग तुला?’

विचारायचे राहते ते एवढेच, की मूल हवे आहे का, आणि हवे असेल तर केव्हा?

या सदरात एरवी मी शब्दांच्या खोड्या काढीत असते. आज दिवाळीनिमित्त ‘मर्जी’ हा शब्द घेऊ. देवाची मर्जी, साहेबांची मर्जी, मामंजींची मर्जी. मर्जी ही नेहमी वरच्याची असते. खालच्याने ती सांभाळायची असते. ‘सुनेची मर्जी सांभाळली’ असे वाक्य मी वर्गात फळ्यावर लिहिले, तर मुले विनोद समजून हसतील.

आमच्या कॉलेजातल्या माझ्या एका मैत्रिणीचे पाहा. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिने शस्त्रक्रिया करून घ्यायचे ठरवले. नवराबायकोंचे आधीच बोलणे झालेले. ठरल्या दिवशी ती एकटीच रुग्णालयात गेली. कारकून म्हणाले, ‘यजमान कुठे आहेत? त्यांची सही लागेल.’

‘शस्त्रक्रिया माझ्यावर आहे ना?’ तिने विचारले.

‘हो, पण तशी पद्धत आहे, बाई.’

यजमान कामानिमित्त नागपूरला. ते परत येईपर्यंत शस्त्रक्रिया चार दिवस पुढे गेली. शेकडो मुलांच्या गुणपत्रकांवर जिची सही चालते, तिची सही तिच्या स्वतःच्या पोटापुरती चालेना!

गंमत अशी, की ही ‘पद्धत’ कायद्यात कोठेच नाही. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेला जोडीदाराची संमती लागत नाही, असे सरकारी नियमांतच म्हटले आहे. गर्भपाताचा कायदा तर १९७१ सालचा. सज्ञान, जाणत्या बाईच्या बाबतीत त्याने फक्त तिचीच संमती मागितली आहे. नवऱ्याची नाही, सासूची नाही, आईचीही नाही. कारणे आणि मुदत यांची बंधने त्यात आहेत, डॉक्टरांचे मतही लागते. २०२१ साली काही प्रसंगांत ही मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली, आणि या बाबतीत लग्न झालेली आणि न झालेली असा भेद करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितले. म्हणजे कायदा कधीच पुढे गेला आहे, रुग्णालयाची खिडकी मात्र जागच्या जागी आहे.

आईच्या सहीवरून आठवले. दिल्लीकडे १९९५ साली एक बाई दुर्बिणीच्या तपासणीसाठी एका दवाखान्यात गेल्या. त्या भुलेखाली असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेण्यात आली आणि त्यांचे गर्भाशय व अंडाशय काढून टाकण्यात आले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की जिवावरचा प्रसंग नव्हता. तेव्हा बाई शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवे होते, आईची संमती ही तिची संमती नव्हे. आईइतके आपले दुसरे कोण? पण आपले माणूस निराळे आणि आपण निराळे.

हा विचार आपल्याकडे नवा नाही बरे का! र. धों. कर्वे या गणिताच्या प्राध्यापकाने १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्यापायी त्यांना कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि १९५३ साली जग सोडीपर्यंत ते चालवले. मूल होऊ द्यायचे की नाही हे बाईच्या हाती असावे, असे ते बोलले, तेव्हा भले भले लोक कानांवर हात ठेवीत. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. खटला हरला, पण आज कर्व्यांची ती ‘अश्लील’ माहिती सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर चिकटवलेली असते.

पण म्हणून दवाखान्याची भिंत म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. आणीबाणीत १९७६–७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. त्यांतल्या कितीतरी धाकाने. १९७६ सालीच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते तसेच राहिले. कर्व्यांना छळणारे म्हणत, ‘मुले थांबवू नका.’ हे म्हणत, ‘थांबवलीच पाहिजेत.’ मर्जी दोन्हीकडे दुसऱ्याचीच!

आणि बीडकडचे ऐका. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२ हजारांहून अधिक बायकांची २०१९ साली सरकारने पाहणी करवली, तेव्हा सुमारे १३ हजार ८०० जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. नवराबायको मिळून एक ‘कोयता’, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर पैसे कापले जाणार. वर कोणी कर्करोगाची भीती घातलेली. या बायकांनीही सही किंवा अंगठा दिलाच असेल. कागद पाहिला तर सारे रीतसर. पण जिला ‘नको’ म्हणणे परवडत नाही, तिच्या ‘हो’ला मर्जी कसे म्हणायचे?

कोणी म्हणेल, ‘मग काय नवऱ्याला विचारायचेही नाही?’ विचारावे की! संसार दोघांचा, मूल दोघांचे. पण सल्ला आणि परवानगी हे दोन शब्द भाषेने उगाच वेगळे ठेवलेले नाहीत. सल्ला बरोबरीच्याचा घेतात, परवानगी वरच्याची. शिवाय ‘दोघांचे’ म्हणणाऱ्या आपल्या देशात २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे नसबंदी झालेल्या स्त्रिया शेकडा ३७.९ आणि पुरुष शेकडा ०.३! परवानगी देणाऱ्यांत पुरुष पुढे. सोपी शस्त्रक्रिया त्यांची असूनही टेबलावर मात्र बाईच.

यंदा भाऊबिजेला लेकी घरी येतील, सुनाही माहेरी जाऊन येतील. ‘गोड बातमी केव्हा?’ हा प्रश्न फराळाच्या ताटाबरोबर पुढे येतोच. तो एवढ्या वेळी राहू द्या. आणि कधी लेक किंवा सून होऊन काही सांगू लागली, तर तिचे पुरते ऐकून घ्या, चांगल्या डॉक्टरांचा पत्ता द्या, हवे असल्यास बरोबर जा. तेथे कारकुनांनी कागद पुढे केला, तर तो तिच्या हाती द्या. तिला तो सावकाश वाचू द्या, आणि ‘सही नाही करत’ असे ती म्हणाली, तर तिला घरी घेऊन या.