१९६२ चा पराभव आणि सोयीच्या दंतकथा

१९६२ च्या भारत-चीन युद्धाचा विषय गप्पांत निघाला की जो पूर्वपक्ष ठरल्याप्रमाणे मांडला जातो, त्याचा आशय असा की जवान वाघासारखे लढले, पण दिल्लीतील पुढाऱ्यांनी, त्यातही संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी, त्यांना उघड्यावर सोडले, आणि अखेरीस हिमालयाच्या मदतीला सह्याद्री, म्हणजे यशवंतराव चव्हाण, धावून गेला. यातील पहिले विधान बरेचसे खरे, दुसरे अर्धे खरे आणि तिसरे, मराठी मनाला कितीही गोड वाटले तरी, तारखांच्या कसोटीला न उतरणारे आहे. शिवाय सेनापतींनी आपले काम नीट केले की नाही, हा प्रश्न या साऱ्या चित्रातून अलगद निसटतो.

राज्यकर्त्यांचा दोष नाकारण्याचे कारण नाही. सिलोनला निघालेल्या पंडित नेहरूंनी १२ ऑक्टोबरला दिल्लीच्या विमानतळावर पत्रकारांना सांगितले की आपला प्रदेश मोकळा करण्याचा आदेश सैन्याला दिलेला आहे. त्या वेळी ब्रिगेडियर जॉन दळवी यांची सातवी ब्रिगेड थागला पर्वतरांगेच्या पायथ्याशी, नामकाचू नदीच्या काठी, अपुऱ्या गरम कपड्यांत आणि तुटपुंज्या रसदीवर उभी होती. ब्रिगेड म्हणजे सामान्यतः तीन पलटणींचा समूह. तो शत्रूच्या नजरेखाली, खोलगट जागी ठेवणे हे युद्धशास्त्राच्या प्राथमिक धड्यांविरुद्ध होते. तरीही हे करता येणार नाही असे बजावणारे कोअर कमांडर उमरावसिंग यांनाच या मोहिमेपासून दूर करण्यात आले, त्यांच्या जागी रणांगणावरील नेतृत्वाचा फारसा अनुभव नसलेले बी. एम. कौल आले, आणि ते आजारी पडल्यावर काही दिवस दिल्लीतील आपल्या घरातूनच, अंथरुणावरून, आघाडी चालवत राहिले. लष्करप्रमुख थापर आणि पूर्व विभागाचे प्रमुख एल. पी. सेन यांनी हे सारे चालू दिले. मंत्र्याने चुकीचा आदेश दिला हे खरे. पण तो निमूटपणे खाली पोहोचवणारे हात गणवेशातलेच होते.

यावर प्रतिपक्ष म्हणेल की दबावाखाली माणूस दुसरे काय करणार? त्याचे उत्तर सेला खिंडीत मिळते. सुमारे चौदा हजार फुटांवरील ही खिंड बचावाला अत्यंत अनुकूल होती आणि ती एका संपूर्ण ब्रिगेडच्या ताब्यात होती. १७ नोव्हेंबरला तेजपूरच्या कोअर मुख्यालयात थापर आणि सेन दोघेही हजर होते; कौल मात्र वालाँग आघाडीकडे गेले होते. दिरांगहून डिव्हिजनचे प्रमुख ए. एस. पठाणिया माघारीची परवानगी मागत राहिले, आणि उपस्थित दोन्ही वरिष्ठांनी निर्णय अनुपस्थित कौलांवर ढकलला. संध्याकाळी कौल परतल्यानंतर आदेश निघाले, बदलले, पुन्हा निघाले. त्या गोंधळात सेला निर्णायक लढत न देताच सोडली गेली आणि पुढील दोन दिवसांत बोमदिलाही पडले. या घटनाक्रमात दिल्लीतील कोणत्याही मंत्र्याचा हुकूम आडवा आलेला दिसत नाही. शिवाय मेनन यांनी दहा दिवसांपूर्वीच मंत्रिमंडळ सोडलेले होते. (हवाई दल वापरले असते तर निकाल फिरला असता, हा युक्तिवादही येथे अडखळतो, कारण जी खिंड सेनापतीच सोडून देतात ती वरून वाचवता येत नाही.)

जवानांच्या शौर्याचे विधान खरे असले, तरी त्यावर चढवलेली पुटे शौर्याचाच अवमान करतात. नूरानांगच्या लढाईतील रायफलमन जसवंतसिंग यांनी ७२ तास एकट्याने शत्रूला रोखल्याची कथा सर्वत्र सांगितली जाते. प्रत्यक्षात महावीरचक्राच्या मानपत्रात १७ नोव्हेंबरला दोन साथीदारांसह रांगत जाऊन शत्रूची मशीनगन निकामी करण्याचा पराक्रम नोंदलेला आहे, आणि तो अतिशयोक्तीवाचूनही थरारक आहे. लडाखमधील रेझांगलाची हकीकत याहून बोलकी आहे. १८ नोव्हेंबरला मेजर शैतानसिंग यांच्या १३ कुमाऊँच्या चार्ली कंपनीतील सुमारे १२० पैकी ११४ जण तेथे मारले गेले. त्यांतील बहुसंख्य रेवाडी-गुडगाव पट्ट्यातले आणि शेजारच्या महेंद्रगडचे अहीर होते. जे मोजके जिवंत परतले त्यांच्या सांगण्यावर आधी विश्वासही बसला नाही. पुढच्या वर्षी बर्फात गोठलेले, हातात शस्त्रे असलेले मृतदेह सापडले तेव्हा तो बसला. पण रेवाडीच्या स्मारकापाशी एक गोष्ट क्वचितच बोलली जाते, ती अशी की मधल्या उंचवट्यामुळे भारतीय तोफांचा मारा या ठाण्याच्या मदतीला येऊ शकत नव्हता. कंपनीचे शौर्य निर्विवाद आहे. ठाण्याची निवड आणि तोफखान्याची आखणी यांचा हिशेब मात्र त्या शौर्याच्या खात्यात घालता येत नाही.

राहिला सह्याद्री. यशवंतराव चव्हाण यांनी संरक्षणमंत्रिपदाची सूत्रे घेतली त्याच सुमारास, २१ नोव्हेंबरला, चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली; तेव्हा धावून जाण्याजोगी लढाई उरलीच नव्हती. चव्हाणांचे मोठेपण याच्या पुढचे आणि पुष्कळ रुक्ष आहे. साऊथ ब्लॉकमध्ये तिन्ही सेनाप्रमुखांबरोबर त्यांनी नियमित बैठकी सुरू केल्या, १९६४ च्या पंचवार्षिक संरक्षण योजनेत सव्वाआठ लाखांचे सैन्य आणि हवाई दलाची ४५ स्क्वाड्रन्स हे उद्दिष्ट ठेवले, आणि डोंगरी युद्धासाठी वेगळ्या डिव्हिजन उभ्या केल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत, या पराभवाची लष्करी चौकशी केलेल्या हेंडरसन ब्रूक्स आणि भगत यांच्या अहवालाचे निष्कर्ष मांडताना, त्यांनी सांगितले की कनिष्ठ अधिकारी आणि ब्रिगेड पातळीपर्यंतचे नेतृत्व साधारणपणे ठीक होते आणि उणिवा प्रकर्षाने दिसल्या त्या वरच्या पातळीवर. ज्या चव्हाणांच्या नावे मराठी माणूस ही दंतकथा मिरवतो, त्यांनीच सेनापतींच्या सक्षमतेचा प्रश्न संसदेच्या पटलावर ठेवला होता.

मात्र त्याच निवेदनात त्यांनी मूळ अहवाल प्रसिद्ध करणे जनहिताचे नसल्याचे म्हटले, आणि २०१० मध्येही संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेला तो अत्यंत संवेदनशील असल्याचे उत्तर दिले. त्याचा काही भाग २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने उघड केला. पण १९६२ च्या ज्या रणनीतीतील माणसे, शस्त्रे आणि रस्ते सारेच आता बदलले, तिच्यात संवेदनशील असे काय उरले? तिची कागदपत्रे दिल्लीने आता अधिकृतपणे खुली करावीत.